जहाज बंदराला लागलं, मग गाडी कुठे आहे?

प्रश्न : परदेशातल्या कारखान्यात बनणारी गाडी मी डीलरकडे ऑर्डर देऊन बुक केली. रंग, सीट, सनरूफ, सगळं माझ्या पसंतीचं. फॉर्मवर ‘अपेक्षित डिलिव्हरी : पाच महिने’ लिहिलंय, आता आठवा महिना चालू आहे. सेल्समनने व्हॉट्सअ‍ॅपवर जहाजाचं नाव कळवलं, तेव्हापासून मी ते मोबाइलवर नकाशात बघत होतो. जहाज बंदराला लागलं आणि माल उतरवून पुढे निघूनही गेलं. डीलर म्हणतो, ‘गाडी अजून आमच्याकडे आलेली नाही. पण उरलेली सगळी रक्कम आठवड्यात भरा, नाहीतर गाडी दुसऱ्या ग्राहकाला जाईल आणि बुकिंगचे पैसे जप्त होतील.’ शिपिंगची कागदपत्रं मागितली तर म्हणतात, ती ग्राहकाला देत नाही. पैसे भरावेत का? ऑर्डर रद्द करता येईल का? आणि समुद्रात गाडीला काही झालं असेल तर नुकसान कुणाचं?

उत्तर : आधी पैशांचं सांगतो, कारण आठवड्याची घाई तिथेच आहे. चेसिस नंबर, म्हणजे प्रत्येक गाडीवर कोरलेला तिचा स्वतःचा ओळख क्रमांक, लेखी हातात येईपर्यंत उरलेली रक्कम भरू नका.

वस्तुविक्री अधिनियम १९३० च्या कलम ३२ प्रमाणे, वेगळं काही ठरलं नसेल तर पैसे आणि माल यांची देवाणघेवाण एकाच वेळी व्हायची असते. बहुतेक बुकिंग फॉर्मांत मात्र ‘बिल फाडण्याआधी पूर्ण रक्कम’ अशी ओळ असते, तेव्हा मागची बारीक अक्षरं आज वाचून काढा. ती ओळ असली तरी ‘आठवड्यात’ हा शब्द फॉर्मवर आहे का? नसेल तर ती मुदत डीलरने आपल्या मनाने घातलेली आहे. कलम ११ सांगतं की, करारातून वेगळा हेतू दिसत नसेल तर पैसे भरण्याची वेळ हा कराराचा गाभा समजला जात नाही. म्हणजे एक आठवडा चुकला म्हणून करार आपोआप मोडत नाही.

चेसिस नंबरावर मी एवढा का अडून बसलोय? तुम्ही ऑर्डर दिली तेव्हा गाडी अस्तित्वातच नव्हती. तुमचा करार अमुक वर्णनाच्या गाडीसाठी आहे. कलम १८ म्हणतं, माल नेमका कोणता हे ठरेपर्यंत त्याची मालकी ग्राहकाकडे जात नाही. त्या वर्णनाच्या दहा गाड्या आवारात उभ्या असतील आणि त्यातली एकही तुमच्या नावावर लागलेली नसेल, तर पूर्ण पैसे भरूनही तुम्ही मालक नाही, फक्त येणेकरी आहात. उद्या शोरूमला टाळं लागलं तर बाकीच्या येणेकऱ्यांच्या रांगेत तुम्हीही उभे. नंबर लागल्याने लगेच मालकी येते असं नाही, पण ती येण्याची पहिली पायरी तीच. सतरा अक्षर-अंकांचा तो नंबर तुमचं नाव आणि ऑर्डर क्रमांकासह डीलरच्या अधिकृत ईमेलवरून आला पाहिजे. सेल्समनच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो पुरेसा नाही.

आता जहाजाकडे येऊ. तुम्ही नकाशात पाहत होतात तो ठिपका जहाजाचा होता. आंतरराष्ट्रीय सफरीवरच्या ३०० टनांवरच्या जहाजांना आपली ओळख आणि ठिकाण प्रसारित करणारं यंत्र बसवावं लागतं, त्यातून तो ठिपका उमटतो. त्या जहाजाच्या पोटात काय आहे हे तो सांगत नाही. मोठ्या कारवाहू जहाजात हजारो गाड्या असतात. वाटेतल्या एखाद्या बंदरात गाड्या उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवल्या जातात, तेव्हा सेल्समनने सांगितलेलं नाव पहिल्या टप्प्याचंही असू शकतं. शिवाय माल उतरला म्हणजे आला असंही नाही. कस्टम्सची तपासणी, बिल ऑफ एन्ट्री (आयातदाराने कस्टम्सला द्यायचं मालाचं विवरण), ड्युटी, आणि ड्युटी भरेपर्यंत बाँडेड गोदामात मुक्काम, एवढं सगळं झाल्यावर गाडी ट्रेलरवर चढते. त्यामुळे ‘जहाज गेलं, गाडी आली नाही’ हे डीलरचं वाक्य खरं असू शकतं. त्यावरून फसवणुकीचा आरोप करू नका, तो टिकणार नाही. नकाशाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. पण त्यातून सिद्ध होईल ते इतकंच, की त्या तारखेला जहाज तिथे होतं.

कागदपत्रांच्या बाबतीत डीलर अर्धा बरोबर आहे. बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर चढवल्याची पावती) हे माल पाठवणारा, जहाज कंपनी आणि माल घेणारा यांच्यातलं असतं, आणि माल घेणारा म्हणून त्यावर सहसा आयातदार कंपनीचं नाव असतं. तुमचा जहाज कंपनीशी करारच नाही. काही जहाज कंपन्यांच्या संकेतस्थळांवर चेसिस नंबर टाकून गाडीचा माग काढता येतो, पण तिथून उत्तर आलं नाही म्हणून त्यांच्यावर दावा होत नाही. डीलरकडून मात्र तुम्हाला हक्काने उत्तर मागता येतं : गाडी तयार झाली का, कोणत्या महिन्यात, नंबर काय, आता कारखान्यात, समुद्रात, कस्टम्समध्ये की आवारात? हेच प्रश्न आयातदार कंपनीच्या ग्राहक विभागालाही ईमेलने पाठवा. यामागे एक व्यावहारिक कारण आहे. जुन्या वर्षाची गाडी नव्या वर्षाची म्हणून विकल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलं की, डीलरच्या चुकीची माहिती उत्पादकाला होती हे दाखवल्याशिवाय उत्पादकाला जबाबदार धरता येत नाही. तुमचा ईमेल पोचला की ‘आम्हाला कल्पनाच नव्हती’ हा बचाव संपतो.

उशिराचं कारण म्हणून डीलर बहुधा समुद्राकडे बोट दाखवेल. ते अगदीच खोटं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात ‘गॅलेक्सी लीडर’ हे कारवाहू जहाजच पळवून नेण्यात आलं, आणि त्यानंतर पुष्कळ जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालणारी वाट धरली. त्यात दीड-दोन आठवडे जास्त जातात. पण कायद्याने हा वाद फार पूर्वी ऐकलाय. १९५६ मध्ये सुएझ बंद झाला तेव्हा सुदानच्या भुईमुगाच्या एका विक्रेत्याने ‘आता करार पाळणं अशक्य’ असा पवित्रा घेतला होता. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९६१ मध्ये तो फेटाळला : वाट लांब झाली, खर्च वाढला, पण करार संपला नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ च्या ‘एनर्जी वॉचडॉग’ निकालात त्याच निकालाचा आधार घेतला. फॉर्मवर ‘नियंत्रणाबाहेरची कारणं’ असं कलम असेल तर ते वाचावं लागेल. तरी दोन आठवड्यांच्या वळशाने दोन महिन्यांहून जास्त उशीर कसा झाला, हे डीलरलाच समजावून सांगावं लागेल.

रद्द करण्याची घाई मात्र नको. ‘अपेक्षित’ हा शब्द डीलरच्या बाजूचा आहे, कारण त्यामुळे पाच महिने ही पक्की मुदत ठरत नाही. पण मुदत पक्की नसली तर कायदा ‘वाजवी वेळ’ धरतो (भारतीय करार अधिनियम १८७२, कलम ४६). तुम्ही लेखी नोटीस देऊन आणखी एक वाजवी तारीख घालून द्या, समजा तीस दिवस, आणि त्या तारखेनंतर करार संपवून पैसे व्याजासह परत मागेन असं स्पष्ट लिहा. ती तारीख उलटल्यावर रद्द केलंत तर करार डीलरने मोडला असं म्हणता येतं. आजच चिडून ‘कॅन्सल करा’ असा मेसेज टाकलात तर मन बदललेला ग्राहक तुम्ही ठराल, आणि जप्तीचं कलम नेमकं त्याच्यासाठीच लिहिलेलं असतं.

ते जप्तीचं कलमही वाटतं तितकं भक्कम नाही. करार अधिनियमाच्या कलम ७४ वरच्या २०१५ च्या ‘कैलाश नाथ’ निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की, समोरच्याने करार मोडलेलाच नसेल किंवा आपलं काही नुकसानच झालेलं नसेल, तर अनामत गिळता येत नाही. तुमची गाडी दुसऱ्याला देणार असं डीलर स्वतःच सांगतोय. मग त्याचं नुकसान काय झालं? त्याचा तसा मेसेज आला असेल तर तो अजिबात पुसू नका. फोन बदललात तरी जुना ठेवा.

समुद्रातल्या नुकसानीची काळजी सगळ्यात कमी करा. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘फेलिसिटी एस’ जहाजाला अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि सुमारे चार हजार गाड्यांसह ते बुडालं. अशा वेळी वस्तुविक्री अधिनियमाच्या कलम २६ चा साधा नियम लागतो : मालकी ज्याची, धोका त्याचा. मालकी अजून तुमच्याकडे आलेली नाही, त्यामुळे तोटा आयातदाराचा आणि त्याच्या विमा कंपनीचा. (आपला १९३० चा कायदा इंग्लंडच्या १८९३ च्या कायद्यावर बेतलेला आहे. ब्रिटनमध्ये २०१५ च्या कायद्यात ग्राहकासाठी नियम आणखी सोपा आहे : माल प्रत्यक्ष हातात येईपर्यंत धोका विक्रेत्याचाच.) खरी भीती बुडालेल्या गाडीची नाही, वाटेत ठोकर खाऊन रंग मारून आलेल्या गाडीची आहे. म्हणून ‘वाहतुकीत कोणतीही दुरुस्ती किंवा रंगकाम झालेलं नाही’ असं लेखी मागा, आणि ताबा घेण्याआधी दिवसाउजेडी गाडी तपासा. तो हक्क कलम ४१ ने दिलेला आहे. दारावरचा, काचेवरचा आणि बिलावरचा नंबर जुळवा. फॉर्म २१ म्हणजे विक्री प्रमाणपत्र, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, तेही बघा.

गाडी आली आणि तुम्ही ती घ्यायची ठरवलीत, तर पेढे वाटण्याआधी एक काम करा. मुदत हा कराराचा गाभा असेल आणि तुम्ही उशिरा आलेली वस्तू मुकाट्याने स्वीकारली, तर करार अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे उशिराची भरपाई पुढे मागता येत नाही, जोवर स्वीकारतानाच तसं कळवलेलं नाही. तुमच्या फॉर्मवर मुदत पक्की आहे की नाही यावर वाद होईल, तो टाळायला ताबा पावतीवर हाताने एक ओळ लिहा : ‘उशिरामुळे झालेल्या नुकसानीचा हक्क राखून ताबा घेत आहे.’ पावतीवर जागा नाही म्हणाले तर तिथेच उभं राहून ईमेल करा. शोरूममध्ये हार, फोटो, टाळ्या चालू असताना हे लिहायला लोकांना संकोच वाटतो, आणि नंतर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या पावत्या कोऱ्या असतात.

नोटिशीनंतरही डीलर हलला नाही तर ग्राहक आयोगाकडे जा. ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगातही तक्रार करता येते, शोरूमच्या गावी जायची गरज नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून बघा, पुष्कळ डीलर तेवढ्यावर चेसिस नंबर पाठवतात. बुकिंग कोणाच्या नावावर आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते तुमच्या कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर असेल तर डीलरचा वकील पहिल्याच तारखेला ‘खरेदी धंद्यासाठी आहे, हे ग्राहकच नाहीत’ असा मुद्दा काढेल. तसं असेल तर गाडी कोणाच्या वापरासाठी आहे हे दाखवणारे कागद तक्रारीसोबत सुरुवातीलाच जोडा.