मलेही वाटते, पण दुखते

प्रश्न : डॉक्टरताई, माहं वय ५८. पाळी जाऊन सात वर्षं झाली. पोरं पुण्याले, घरात आम्ही दोघंच. मालकाले जवळ यावंसं वाटते, मलेही वाटते, खोटं कायले बोलू? पण आग होते, दुखते. लघवीलेही जळजळ. कापूस वेचाले गेली का दिवसभर पाणी पेत नाही, आडोसा नसते ना. जाऊ म्हणते, साबणानं घसघस धू.
– एक वाचक, यवतमाळ जिल्हा

उत्तर : ‘मलेही वाटते’ लिहिलंत, बरं वाटलं. बाया माझ्याकडे कंबरदुखी सांगतात आणि ही गोष्ट उठून दाराशी गेल्यावर बोलतात. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बाईच्या शरीरातलं हार्मोन घटतं, योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते. आग बहुधा त्याचीच. जाऊबाईंचा साबण बंद, साधं पाणी पुरे. संबंधाच्या वेळी औषधाच्या दुकानातलं पाण्यात विरघळणारं, ओलाव्यासाठीचं जेल (ल्युब्रिकंट) लावा. घाई नको, हे मालकांनाही वाचून दाखवा. तेवढ्यानं भागलं नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञ इस्ट्रोजेनचं मलम देतात. पूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर आधी सांगा. लघवी तपासून घ्याच. पाणी मात्र प्या. आडोशाला चार तुऱ्हाट्या रोवून जुनं लुगडं बांधता येतं. आणि आता रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी वेचणी सोडून तपासायला जा.