दोडोमाच्या पाळकीणबाईंना

"मूळची नगरची. नवरा पाळक. मिशनच्या वतीने आम्ही टांझानियात दोडोमाला आलो त्याला वर्ष होईल. सहा वर्षांची मुलगी आहे. हे पहिल्या आठवड्यापासून कामाला लागले. माझा दिवस मात्र पाणी भरणं, बाजार आणि चूल यातच जातो. स्वाहिली येत नाही. लोक 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, म्हणतात आणि दारात येऊन पैसे मागतात. महिलांची प्रार्थनासभा तीनला आहे म्हणून दुपारी तीनला गेले, तर चर्चला कुलूप. आम्हाला पैसे पाठवणाऱ्या मंडळीला दर महिन्याला प्रार्थनापत्र जातं, त्यात सगळा आनंदीआनंद. माझाच विश्वास कमी पडतोय का? मुलीला घेऊन परत येऊ का?"

जय ख्रिस्त, बाळ.

आधी त्या कुलपाचं. स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि त्यांचे तीन म्हणजे आपले नऊ. तू निघालीस तोवर बायका सभा आटोपून, जेवूनखाऊन मोकळ्या झाल्या असतील. वर्षभरात तुला हे कुणी सांगितलं नाही, याचा मला राग आला. पाळकसाहेबांच्या सभा नाहीत ना चुकल्या कधी? म्हणजे त्यांना माहीत होतं.

तुझा विश्वास जागेवर आहे. कमी पडतेय ती भाषा, आणि ती कमी पडतेय कारण शिकायला तुला वेळच मिळालेला नाही. ते दिवसभर चार लोकांत असतात, म्हणून चुकतमाकत शिकले. तू बादल्या मोजत बसलीस. मोरोगोरोला लुथरन मंडळीची भाषाशाळा आहे, पुष्कळ परदेशी मिशनरी तिथे शिकतात. 2024पासून दोडोमाहून मोरोगोरोला विजेवरची नवी रेल्वेही जाते. थोडे आठवडे तू जा. मुलगी, पाणी आणि मक्याच्या पिठाची उगाली घोटणं त्यांच्याकडे. मंडळीचं काम अडेल म्हणतील. अडू दे. तुला दोन वाक्यं बोलता येईनात, तर त्या मंडळीला अर्धीच पाळकजोडी मिळालीय.

तोवर शेजारच्या म्हातारीपासून सुरुवात कर. तिच्या दारासमोरून जाताना आधी तू 'शिकामो' म्हण, लहानाने मोठ्याला म्हणायचं असतं ते. मग घर कसं, पोरं कशी, झोप झाली का, सगळं होईपर्यंत उभी राहा. तिथे विचारपूस टाकून थेट कामाचं बोलणं उद्धटपणाच समजतात. सकाळ त्यात गेली तर दिवस वाया गेला म्हणून रडू नकोस. नगरला पाळकीणबाई म्हणून घरोघरी जायचीस तेव्हा वेगळं काय करत होतीस? तिथे चहा आयता यायचा, एवढंच.

'मुहिंदी' मनाला लावून घेऊ नकोस. पूर्व आफ्रिकेत कितीतरी पिढ्यांपासून हिंदी माणूस म्हणजे दुकानाच्या गल्ल्यामागचा शेठ, बहुतेक गुजराती. हिंदी बाई ख्रिस्ती असते आणि तिच्याकडे दुकान नसतं, हे त्यांना नवीनच. पैशाचं मात्र कडक ठेव. दारात एक शिलिंगही द्यायचा नाही. महिन्याला जमेल तेवढी रक्कम तिथल्या मंडळीच्या वडीलमंडळींकडे द्या. कुणाला खरी गरज आहे ते तुमच्यापेक्षा त्यांना कळतं. घरकामाला बाई ठेवायचा संकोच असेल तर तोही सोड. तिथे ती रीतच आहे, आणि एका घराला पगार मिळतो. फक्त पगार वेळेवर दे.

आता परत येण्याचं. तू ज्या मंडळीतली आहेस तिचं मूळ अमेरिकन मराठी मिशनमध्ये आहे. 1813 साली मुंबईत उतरलेल्या त्याच्या पहिल्या दोघा मिशनऱ्यांपैकी सॅम्युएल नॉट दोनच वर्षांत, 1815मध्ये, प्रकृती ढासळली म्हणून मायदेशी गेले आणि पुढे तिकडेच पाळकी केली. गॉर्डन हॉल राहिले आणि 1826मध्ये नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले. 1827ला अविवाहितच आलेली सिंथिया फरार पुढे नगरला मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि 1862मध्ये तिथेच वारली. जाणारा आणि राहणारे, तिघंही त्याच मिशनचे. तेव्हा परतण्याला पाप समजू नकोस. पण भाषा न शिकता परतलीस तर दोडोमा तुला जमत नव्हतं की दोडोमाला तू कधी भेटलीच नव्हतीस, हे तुझं तुलाच कळणार नाही. तिथलं शाळेचं वर्ष डिसेंबरच्या सुमारास संपतं. तोवर थांब, मग दोघं मिळून ठरवा.

त्या प्रार्थनापत्राची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तिकडे तू रडतेस आणि इकडे नगरच्या बायका तुझ्या आनंदाबद्दल प्रभूचे आभार मानतायत! त्यांना पाणीटंचाई समजावून सांगावी लागणार नाही गं, नगरच्याच आहेत त्या. पुढच्या महिन्याचं पत्र तू लिही. पाणी, कुलूप, 'मुहिंदी', सगळं येऊ दे. एखादा देणगीदार नाराज झालाच, तर त्याला उत्तर पाळकसाहेब देतील. आणि डिसेंबरात परत यायचं ठरलंच, तर तेही तूच लिही, तुझ्या सहीने.