अनुदानातला ओव्हरहेड : एका पत्राचे उत्तर

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. द्राक्षांवरील भुरीच्या प्रकल्पाचा आराखडा उत्तम झाला आहे, त्याविषयी भेटीत बोलू. तू चिडून विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मात्र लेखीच द्यावे असे वाटले. संशोधन मी करणार, मग कॉलेजने अनुदानातले दहा टक्के ओव्हरहेड म्हणून का घ्यावेत, असे तू विचारतेस.

ओव्हरहेडला आपल्याकडे कुणी वरखर्च म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण वरखर्च म्हटले की चैनीचा, टाळता येण्याजोगा खर्च डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात वीज, इमारत, पहारेकरी, हिशेब ठेवणारा लिपिक, लेखापरीक्षण असे जे खर्च कोणत्याही एका प्रकल्पाच्या नावावर टाकता येत नाहीत, पण ज्यांच्यावाचून एकही प्रकल्प चालत नाही, ते सारे यात येतात.

तुला उणे 80 अंशांचा डीप फ्रीझर हवा आहे. जुन्या धाटणीचा असा फ्रीझर दिवसाला 15 ते 20 युनिट वीज खातो. 18 युनिट धरले तर वर्षाला 6,570 युनिट होतात. युनिटमागे दहा रुपये मोजले तर तीन वर्षांत जवळपास दोन लाख रुपये झाले. तुझा प्रत्यक्ष खर्च 40 लाखांचा असेल, तर दहा टक्क्यांनी कॉलेजला मिळणार चार लाख. म्हणजे निम्मा ओव्हरहेड तुझ्या एका फ्रीझरच्या वीजबिलातच गेला. जनरेटरचे डिझेल, रासायनिक कचऱ्याची विल्हेवाट आणि यूसी, म्हणजे पैसे कसे खर्च झाले याचे उपयोगिता प्रमाणपत्र, तयार करताना लिपिकाचे जाणारे दिवस अजून धरलेलेच नाहीत. तुझे पैसे कॉलेज खाते असे म्हणण्यापूर्वी हा हिशेब एकदा स्वतः मांडून पाहा.

तरीही तुझी तक्रार अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. माझ्या पहिल्या प्रकल्पाच्या वेळी, मी तेव्हा ज्या कॉलेजात होतो तिथे, ओव्हरहेडच्या रकमेतून आवाराच्या भिंतीला रंग लागला आणि प्रयोगशाळेतला गळका नळ तीन वर्षे तसाच गळत राहिला. दहा टक्के गेल्याचे दुःख नव्हते. ते कुठे गेले हे विचारण्याची सोयच नव्हती. आपल्याकडची बहुतेक कॉलेजे पुण्याच्या विद्यापीठाशी संलग्न असून खासगी शिक्षण संस्था ती चालवतात, त्यामुळे प्रकल्पाचा ओव्हरहेड कॉलेजच्या खात्यात राहतो की संस्थेच्या सर्वसाधारण खात्यात मिसळतो, हे अर्जावर प्राचार्यांची सही घेण्याआधीच विचारून घे. पुष्कळ विद्यापीठांमध्ये ओव्हरहेडचा काही वाटा विभागाला किंवा खुद्द संशोधकाला परत देण्याची पद्धत असते. तुझ्या कॉलेजात तसा नियम नसेल, तर निदान दुरुस्ती आणि वीज यांपुरता वाटा विभागाला मिळावा असे विनंतीपत्र आताच दे, कारण अनुदान मंजूर होऊन पैसे जमा झाल्यावर अशा पत्राला कुणी उत्तर देत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे : ओव्हरहेड मंजूर रकमेच्या वर मिळतो की तिच्या आतूनच कापला जातो, हे योजनेच्या अटींत शोध. पूर्वीच्या एसईआरबीच्या, म्हणजे संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या मंडळाच्या, स्टार्टअप रिसर्च ग्रँटमध्ये दोन वर्षांसाठी 30 लाख रुपये आणि ओव्हरहेड वेगळा अशी रचना होती. एसईआरबीची जागा आता एएनआरएफ या राष्ट्रीय संशोधन संस्थेने घेतली आहे आणि तिच्या नवसंशोधकांसाठीच्या योजनेतही 60 लाखांपर्यंतच्या रकमेवर ओव्हरहेड निराळा मिळतो. याउलट युरोपियन रिसर्च कौन्सिलच्या स्टार्टिंग ग्रँटची 15 लाख युरोची सर्वसाधारण मर्यादा प्रत्यक्ष खर्चावरचा 25 टक्के अप्रत्यक्ष खर्च आत धरूनच असते. आतून कापणाऱ्या योजनेत अर्ज करताना रसायनांचा आकडा आधीच सावधपणे ठरवावा लागतो.

अमेरिकेचे उदाहरण तुझ्या पिढीने नीट पाहावे असे आहे. तिथल्या मोठ्या विद्यापीठांचा सरकारशी वाटाघाटीने ठरलेला ओव्हरहेडचा दर अनेकदा 50 टक्क्यांच्या पुढे असतो, मात्र उपकरणांची किंमत त्या हिशेबातून वगळतात. पण एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला पैसा देणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेच्या, नवोदितांना घडवणाऱ्या ‘के’ अनुदानांवर हा दर फक्त आठ टक्के आहे. म्हणजे नवा संशोधक उभा करण्याचा बराचसा खर्च विद्यापीठ स्वतःच्या खिशातून सोसते. एनआयएचने फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वांनाच 15 टक्क्यांची मर्यादा जाहीर केली, तेव्हा विद्यापीठे न्यायालयात गेली आणि तो निर्णय रोखला गेला. पंधरा टक्के त्यांना परवडत नाहीत आणि आपले अनुदानित कॉलेज दहा टक्क्यांत कसे भागवते, याचे उत्तर साधे आहे : पगार सरकार देते आणि उरलेले बहुतेक सारे भागवलेच जात नाही. गळका नळ तिथून येतो. म्हणून दर कमी करून घेण्यासाठी भांडू नकोस; त्याने तुझ्याच प्रयोगशाळेचे नुकसान होईल.

अंदाजपत्रकाचा कागद घेऊन गुरुवारी संध्याकाळी घरी ये. फ्रीझरचे कोटेशनही आण, त्यावर विजेचा खप लिहिलेला असेल तर आपल्याला अंदाजावर विसंबावे लागणार नाही.

तुझे,
सर