क्रोनोग्राफ : हजारांतला की लाखांतला?

प्रश्न : मी कोथरूडला राहतो. वडिलांचे चावीचे एचएमटी घड्याळ मी गेली अकरा वर्षे रोज वापरतो आहे. आता चावीचाच एखादा क्रोनोग्राफ (स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ) घ्यावा असे मनात आहे आणि सीगलचे ‘१९६३’ व ओमेगाचे स्पीडमास्टर प्रोफेशनल ही दोन घड्याळे आवडली आहेत. पहिले हजारांत मिळते, तर दुसऱ्यासाठी काही लाख लागतात आणि ते मला हप्त्यांवरच घ्यावे लागेल. स्वस्त घड्याळात कॉलम व्हील आहे आणि महागात नाही, असे वाचून गोंधळलो आहे. जास्तीचे पैसे केवळ नावाचे आहेत का?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. बटण दाबल्यावर क्रोनोग्राफ सुरू करायचा की थांबवायचा हे ठरवणारे, उभ्या खांबांचे छोटे चाक म्हणजे कॉलम व्हील. व्हीनस या स्विस कंपनीच्या १७५ क्रमांकाच्या यंत्राची अवजारे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधील तिआनजिनच्या कारखान्यात गेली आणि तेथे चिनी हवाई दलासाठी क्रोनोग्राफ तयार झाला. आजच्या सीगलमधले एसटी १९ यंत्र त्याच घराण्यातले असल्याने त्यात हे चाक टिकून आहे. ओमेगाने मात्र १९६८ मध्ये ३२१ क्रमांकाचे कॉलम व्हीलचे यंत्र बाजूला ठेवून ८६१ आणले, ज्यात तेच काम कॅम, म्हणजे खाचा असलेली एक सपाट चकती, करते. जुलै १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या स्पीडमास्टरमध्ये ३२१ होते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. कॅम बनवायला सोपा आणि टिकाऊ असतो. त्यात कमीपणा काहीच नाही.

मग पैसे कशाचे? आजच्या स्पीडमास्टरमधले ३८६१ यंत्र दिवसाला शून्य ते अधिक पाच सेकंद या मर्यादेत चालते की नाही हे तपासूनच बाहेर पडते, चावी पूर्ण दिल्यावर सुमारे ५० तास चालते आणि त्याची हेअरस्प्रिंग (घड्याळाची लय राखणारी केसासारखी बारीक स्प्रिंग) सिलिकॉनची असल्यामुळे ते १५,००० गॉसपर्यंतच्या (गॉस हे चुंबकी क्षेत्र मोजण्याचे एकक) चुंबकाला दाद देत नाही. हा शेवटचा गुण आपल्या रोजच्या वापरात सर्वांत मोलाचा आहे, कारण मोबाइलचे चुंबकी कव्हर किंवा स्पीकर यांच्या सहवासात साध्या स्प्रिंगचे घड्याळ चुंबकित होऊन एकाएकी पुढे पळू लागते. टायमिंग मशीन (घड्याळाची चाल मोजणारे यंत्र) असलेल्या दुकानात त्याचे चुंबकत्व काही मिनिटांत काढून देतात, पण ती वेळ पुन्हा पुन्हा येऊ शकते. पावसाचेही तसेच : आषाढात दुचाकीवर जाताना सीगल घरीच ठेवावे.

तरीही आपल्याला मी सीगलच घ्यायला सांगेन. रोज चावी देण्याची सवय आपल्याला आहेच, शिवाय क्रोनोग्राफची चव घेण्यासाठी हप्त्यांचे ओझे घेणे मला पटत नाही. सर्व्हिसिंगसाठी मात्र पैसे आधीच बाजूला काढावेत. क्रोनोग्राफ उघडणे हे एचएमटी उघडण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळखाऊ काम आहे आणि ते करणारा कारागीर आधी शोधून ठेवावा. लक्ष्मी रस्त्यावर चौकशी करताना, ‘क्रोनोग्राफ स्वतः खोलता का?’ असे सरळ विचारावे.

घड्याळ हाती आल्यावर पूर्ण चावी द्या, ते कानाशी धरा आणि वरचे बटण दाबा. मोठा सेकंदकाटा निघताना किंचित उडी घेईल, कारण त्या क्षणी एका चाकाचे दात दुसऱ्याच्या दातांत शिरत असतात. हा दोष नव्हे. थांबवून खालचे बटण दाबल्यावर काटा बारावरच्या रेषेवर नेमका यायला हवा. तो थोडासा जरी बाजूला थांबला, तरी घड्याळ बदलून मागावे. टायमिंग मशीनवर क्रोनोग्राफ बंद आणि चालू अशा दोन्ही स्थितींत तपासून घ्यावे : चालू केल्यावर बॅलन्सच्या (मागेपुढे झुलून वेळ राखणाऱ्या चाकाच्या) आंदोलनाचा पल्ला वीस-तीस अंशांनी घटणे स्वाभाविक आहे, पण घड्याळ अडखळू लागले तर ते घेऊ नये.