आत जाण्याआधी

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. न्यूट्रॉनांच्या गणितात पदवी घेतली आणि गोदीत येऊन गॅस्केटच्या याद्या करत बसले आहे, असा एकूण सूर. डिझाइन विभागात जागा निघाली आहे, तिकडे जावं की इथेच राहावं हे ठरत नाही. यावर तू दोन पानं लिहिलीस. आणि शेवटी, घाईघाईत, दोन ओळी: बोटीच्या अणुभट्टीतून पाणी फिरवणाऱ्या प्रायमरी सर्किटमधला एक व्हॉल्व्ह बदलायचा आहे, मॉक-अपला, म्हणजे बाहेर नकली जागा उभारून करायच्या तालमीला, वेळापत्रकात जागा नाही, असं वरिष्ठ म्हणतात. मला त्या दोन ओळींची काळजी वाटते. नोकरीचं नंतर बघू.

रिअ‍ॅक्टर कंपार्टमेंटमध्ये पाऊल टाकण्याआधी काम संपलेलं असलं पाहिजे. आत गेल्यावर फक्त हात चालायला हवेत. तिथे उभं राहून विचार करावा लागला, तर तो विचार किरणोत्सर्गाचा डोस देऊन विकत घेतलेला असतो.

हिशेब करून बघ. व्हॉल्व्हपासून 30 सेंटीमीटरवर ताशी 2 मिलीसीव्हर्ट (डोस मोजायचं एकक) आहे असं धर. दोन माणसं 40 मिनिटं काम करणार, म्हणजे प्रत्येकी 1.33, दोघांचे मिळून 2.67. पाना बसत नाही म्हणून दोघं पंधरा मिनिटं एकमेकांकडे बघत उभे राहिले की प्रत्येकी अर्धा मिलीसीव्हर्ट गेला, बदल्यात काहीच नाही. आंतरराष्ट्रीय शिफारस पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 ची आहे, एका वर्षात 50 च्या वर कधीच नाही. ‘मर्यादेच्या आत आहोत’ हे वाक्य माझ्यासमोर म्हणू नकोस. मर्यादेच्या आत वाया घालवलेला डोसही वायाच गेलेला असतो.

आता शत्रू कोण ते बघ. अणुभट्टी चालू असताना पाण्यातल्या ऑक्सिजनपासून नायट्रोजन-16 तयार होतो, पण त्याचं अर्धायुष्य सात सेकंदांचं. भट्टी बंद झाल्यावर काही मिनिटांत तो विषय संपतो. उरतो तो कोबाल्ट-60. व्हॉल्व्हच्या सीटवरचे कोबाल्टयुक्त कठीण मिश्रधातू झिजतात, कण भट्टीच्या गाभ्यातून फिरतात, तिथे न्यूट्रॉन खाऊन किरणोत्सर्गी होतात आणि परत येऊन पाइपच्या आत चिकटतात. अर्धायुष्य 5.27 वर्षं. म्हणून ‘दहा दिवस थांबू, थोडं थंड होईल’ असं कोणी म्हणालं तर सांग, दहा दिवसांत कोबाल्ट-60 अर्धा टक्कासुद्धा उतरत नाही. कोबाल्ट-58 मात्र नऊ टक्क्यांच्या आसपास उतरतो, त्याचं अर्धायुष्य 71 दिवसांचं. कोणता किती आहे हे नमुना मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ते मोजणंही आत जाण्याआधीचंच काम.

हा गाळ ड्रॉइंगवर दिसत नाही. तो एल्बोमध्ये (पाइपच्या कोपऱ्यात), व्हॉल्व्हच्या बॉडीत, सर्वांत खालच्या वळणावर, प्रवाह नसलेल्या बंद फाट्यात साचतो. म्हणून सर्व्हे, म्हणजे आतल्या किरणोत्सर्गाची मोजणी, करताना ‘कंपार्टमेंटमध्ये सरासरी इतका’ असा एक आकडा घेऊन बाहेर येऊ नकोस. माणसाची छाती कुठे येणार, गुडघे कुठे टेकणार, कोपर कुठे घासणार, त्या प्रत्येक जागेचा आकडा हवा. अंतराच्या वर्गाचा नियम, म्हणजे अंतर दुप्पट तर डोस चौथाई, सगळे पाठ म्हणतात. तो बिंदूसारख्या स्रोतासाठी आहे. 30 सेंटीमीटरवर 2 असेल तर एक मीटरवर बिंदूचा 0.18 होईल, पण लांब पाइपचा 0.6 च्या आसपासच राहील. एक पाऊल मागे सरकलो म्हणजे सुटलो, असं समजणारी माणसं नेमकी लांब पाइपशेजारी उभी असतात.

आणि पाणी. पाइप रिकामा केला की आतलं पाणी जातं, त्याबरोबर त्याची आडही जाते. आकडे वर चढतात. निचऱ्याआधीच्या सर्व्हेवर निचऱ्यानंतरचं काम बेतलं तर तो कागद निरुपयोगी आहे. पुन्हा मोज, मगच परमिटवर सही कर.

शिसं लावू म्हणशील. कोबाल्ट-60 चा गॅमा किरण निम्मा करायला सुमारे 12 मिलिमीटर शिसं लागतं. एक चौरस मीटर झाकायचं तर 136 किलो. ते वजन पाइपवर टाकायचं की वेगळ्या चौकटीवर, हे पाइपिंगच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय एकही ब्लँकेट लटकवायचं नाही. आता वरच्याच कामाचा हिशेब पुढे ने. शिशाने डोस निम्मा झाला, म्हणजे 1.33 वाचला. ते लावायला दोन माणसांना वीस मिनिटं लागली, म्हणजे 1.33 गेला. काढायचं अजून बाकीच आहे. ही आड तेव्हाच परवडते जेव्हा त्याच कोपऱ्यातली तीन-चार कामं एकत्र बांधलेली असतात, आणि ती बांधणी टेबलावर होते, आत नाही.

तर मॉक-अप. मला भव्य प्रतिकृती नको आहे. लाकडी चौकट चालेल, पण बाजूच्या पाइपचं अंतर खरं हवं, प्रकाश तितकाच कमी हवा. माणसाने दोन जोड हातमोजे आणि मास्क घालूनच नट सोडवायचा. हातमोज्यांत वॉशर उचलता येतो का? ग्लोव्हबॅगच्या (जोडाभोवती बांधायच्या, हातमोजे जोडलेल्या बंद पिशवीच्या) बाह्या बोल्टच्या मागच्या बाजूला पोचतात का? पान्याला किती अंश फिरायला जागा आहे? जुना व्हॉल्व्ह निघाल्यावर तो ठेवायची पिशवी कोणाच्या हातात असेल? मास्कने श्वासातून जाणारं वाचतं, पण माणूस मंदावतो आणि बाहेरून येणारा डोस वाढतो. हवेचे नमुने नीट असतील आणि ग्लोव्हबॅग घट्ट असेल तर मास्क लागतोच का, हा प्रश्नसुद्धा इथेच सोडवायचा. नुसती यादी वाचून हे कळत नाही. तुझ्या वरिष्ठांना तोंडी विनवण्या करू नकोस, मिनिटं आणि मिलीसीव्हर्ट मांडून लेखी दे.

ज्या गॅस्केटच्या यादीला तू हसतेस, तिच्यात एक ओळ वाढव: मार्कर पेन, चिकटपट्टी, वंगण, साफ करायचा द्रव, सगळं कमी क्लोराइडचं. स्टेनलेस स्टीलवर क्लोराइड राहिलं आणि वर उष्णता व ताण आला की तडा जातो, तोही कोणाचं लक्ष नसताना. फ्लँज (पाइपचा बोल्टने आवळलेला जोड) उघडला की झाकण लगेच, आत नेलेलं प्रत्येक हत्यार नोंदलेलं आणि दोरीने बांधलेलं. गाभ्याकडे जाणाऱ्या पाइपमध्ये पडलेल्या एका वॉशरपायी पुढचे किती आठवडे जातील, याचा विचार कर. बोल्ट आवळताना समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने: तीस टक्के, साठ, मग पूर्ण. एकदम आवळलेला फ्लँज गळतो, आणि गळलेला फ्लँज म्हणजे दुसऱ्यांदा आत जाणं.

दुसऱ्यांदा आत जाणं ही या धंद्यातली सर्वांत वाईट वेळ, कारण तोवर सगळे घाईत असतात. 10 ऑगस्ट 1985 रोजी चाझ्मा खाडीत सोव्हिएत पाणबुडी के-431 चं इंधन बदलून झालं होतं. झाकणाची सील गळली, म्हणून ते पुन्हा उचलायला घेतलं. त्याबरोबर अभिक्रिया रोखून धरणारे नियंत्रण दांडेही वर आले, शृंखला अभिक्रिया सुरू झाली आणि स्फोटात दहा जण गेले. त्याआधी 3 जानेवारी 1961 ला आयडाहोतल्या एसएल-1 या लहान लष्करी भट्टीत दांड्याची यंत्रणा जोडताना मधला दांडा दहा सेंटीमीटरऐवजी पन्नासच्या आसपास उचलला गेला, तिघे गेले. दोन्ही भट्ट्या त्या वेळी बंद होत्या. दोन्ही ठिकाणी देखभालच चालू होती. तुझ्या भाषेत सांगायचं तर ‘पाना-गॅस्केटचं काम’. तुझं न्यूट्रॉनांचं गणित नेमकं इथे लागतं.

बंद भट्टीबद्दल अजून एक. बंद केल्याक्षणी पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता निघत असते, तासाभराने दीड टक्क्याच्या आसपास, दिवसाने अर्ध्या टक्क्याच्या जवळ. तुझा व्हॉल्व्ह वेगळा काढण्यासाठी जे दोन व्हॉल्व्ह बंद करून ‘उघडू नका’ असा टॅग लावणार आहेस, त्यांतून ही उष्णता काढणारा मार्ग जातो का? बोटीला किनाऱ्यावरून येणारी वीज गेली तर पंप कशावर चालेल? उत्तर टॅगच्या यादीसोबत लिहिलेलं हवं.

अशा माणसांमुळे जहाज गोदीत अडकतं, असं माझ्याबद्दल म्हटलं जातं. म्हणू देत. पुन्हा करावं लागलेलं काम तयारीपेक्षा कितीतरी जास्त दिवस खातं, पण ते दिवस कोणी तयारी टाळणाऱ्याच्या खात्यात मांडत नाही, तयारी मागणाऱ्याच्या मांडतात. या भांडणात काही माणसं दुरावली, काही खुर्च्या दुसऱ्यांना मिळाल्या. त्याची खंत आहे. मॉक-अप मागितल्याची नाही.

बाहेर येताना माणसं दमलेली असतात, आणि किरणोत्सर्गी धूळ अंगाला लागते ती बहुतेक कपडे काढतानाच. बाहेरचे हातमोजे आणि बुटांवरची बाहेरची आवरणं आधी, अंगरखा आतून बाहेर गुंडाळत, आतले हातमोजे शेवटी. ही उतरवणीसुद्धा मॉक-अपमध्ये करून घे. मग तपासणी: प्रोब (मोजणी यंत्राचं हातातलं टोक) अंगापासून अर्धा इंचावर, सेकंदाला दोन इंचांहून वेगाने नाही. भरभर फिरवलेला प्रोब सगळ्यांनाच स्वच्छ ठरवतो. कृत्रिम धाग्याच्या कपड्यावर वाजला तर घाबरून जाऊ नकोस. बंद जागेतल्या रेडॉन वायूची पिल्लं, म्हणजे त्याच्या क्षयातून झालेले कण, असतील तर अर्ध्या-पाऊण तासात आकडा निम्मा होतो. कोबाल्ट हलत नाही. तेवढा वेळ त्या माणसाला थांबवून ठेव आणि पुन्हा मोज, ‘रेडॉनच असेल’ म्हणून सोडू नकोस.

राहिली डिझाइनची जागा. घ्यायची तर घे, रागावणार नाही. फक्त तिकडे गेलीस की व्हॉल्व्हभोवती पान्याला जागा ठेव, सीटला कोबाल्ट कमी असलेला धातू निवड, आणि बंद फाटे काढून टाक. इथे राहिलेल्या माणसाचं निम्मं काम तिथेच संपेल. पण त्याआधी हा एक व्हॉल्व्ह पार पाड. निचऱ्यानंतरच्या सर्व्हेचे आकडे, माणसं कुठे टेकणार त्याचा कच्चा नकाशा आणि मिनिटांचा तक्ता मला पाठव. लाल पेन घेऊन बसलो आहे.

तुझा,
काका