शब्दाला ३० पैसे परवडतात का?

वाचकांचे प्रश्न : वेबसाइटसाठी लेखन आणि त्याचं मानधन

पतसंस्थेत २२ वर्षं नोकरी करून निवृत्त झालो. एका वेबसाइटने शब्दाला ३० पैसे देऊ केले आहेत. हजार शब्दांचे ३००, रोज दोन लेख, म्हणजे महिन्याला १८,००० होतील असं ते सांगतात. हिशोब बरोबर आहे का? – एक वाचक, इस्लामपूर

गुणाकार बरोबर आहे, पण त्यात तुमचे तास धरलेले नाहीत. हजार शब्दांच्या माहितीपर लेखाला किती वेळ जातो ते बघा. वाचन आणि पडताळणी दीड तास, लिहिणं दोन तास, तपासणं अर्धा तास, उपशीर्षकं, चित्रं आणि वेबसाइटच्या चौकटीत मजकूर भरणं आणखी अर्धा तास. ३०० भागिले साडेचार, म्हणजे तासाला सुमारे ६७ रुपये. असे दोन लेख रोज लिहायचे तर नऊ तास बसावं लागेल आणि महिन्यात एकही सुट्टी मिळणार नाही. जे लोक हा आकडा गाठतात ते बहुधा वाचन आणि पडताळणीचा दीड तास गाळतात, आणि लेख तिथेच बिघडतो.

दुसरी गोष्ट मराठीपुरती आहे आणि ती फार कमी जण लक्षात घेतात. आपली भाषा प्रत्यय शब्दाला जोडून लिहिते. ‘पुण्यातल्या मुलांसाठी’ हे दोन शब्द झाले. हेच हिंदीत ‘पुणे के बच्चों के लिए’, म्हणजे पाच. एकाच कंपनीच्या हिंदी आणि मराठी वेबसाइटचा शब्दाचा दर सारखा असेल, तर तेवढ्याच मजकुराला मराठी लेखकाच्या हातात कमी पैसे पडतात. स्वतःचा एखादा परिच्छेद हिंदीत उतरवून दोन्हींतले शब्द मोजा आणि ती मोजणी दर ठरवताना संपादकांपुढे ठेवा.

शब्दावर पैसे मिळू लागले की लिहिणंही पसरट होतं. ‘पाणी घाला’ लिहायचं तिथे ‘पाणी घालण्याची प्रक्रिया करण्यात यावी’ येतं. म्हणून दर लेखाचा मागा: ७०० ते ९०० शब्द, अमुक रुपये, त्यात एकदा दुरुस्ती. दुसऱ्या दुरुस्तीचे पैसे वेगळे. आणि शब्दाचाच दर घ्यावा लागला, तर शीर्षक, तक्ते, चित्रांखालच्या ओळी मोजणार का, आणि पैसे पाठवलेल्या शब्दांचे की छापलेल्या, हे आधी विचारून ठेवा. संपादकांनी हजाराचे सहाशे केले तर नुकसान कुणी सोसायचं, यावरून पुढे वाद होतात.

तुमच्या जागी आम्ही ‘सकाळी कोमट पाणी पिण्याचे फायदे’ असला विषय घेतलाच नसता. तो कुणीही लिहितो, म्हणून त्याला भाव नाही. तुम्हाला पतसंस्था आतून माहीत आहे. ठेवींवर ५ लाख रुपयांपर्यंत विमा असतो, ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासूनची, एवढं पुष्कळ लेखांत सापडतं. पण तो विमा सहकारी बँकांना आहे आणि पतसंस्थांना नाही, हा फरक न कळल्यामुळे चुकीचे लेख छापले जातात आणि ते वाचून माणसं निर्धास्त होतात. वारसनोंद, जामीनदाराची जबाबदारी, सातबाऱ्यावरचा बोजा उतरवणं असे दहा विषय निवडा. प्रत्येकाची तीन ओळींची रूपरेषा आणि एक पूर्ण लिहिलेला नमुना घेऊन वेबसाइटकडे जा. तेव्हा दर तुम्ही सांगा.

एका वेबसाइटला उपवासाच्या पदार्थांवर चाळीस लेख दिले. करार नव्हता, लेखामागे ठरलेले पैसे मिळाले. आता तेच लेख ‘संपादकीय विभाग’ या नावाने ई-पुस्तकात विकले जात आहेत. मी काही करू शकते का? – एक वाचक, नाशिक

करू शकता. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यातलं १७ वं कलम लेखकालाच पहिला मालक मानतं. मोठा अपवाद नोकरीचा. पगारी नोकरीत, नोकरीचा भाग म्हणून लिहिलं असेल तर मालकी नोकरी देणाऱ्याची. लेखामागे मानधन घेणारी बाहेरची लेखिका नोकर नसते. ‘आम्ही पैसे दिले म्हणजे लेख आमचा झाला’ हे वाक्य सर्रास ऐकवलं जातं, पण नुसते पैसे दिल्याने लेखाचा हक्क जात नाही. कलम १९ प्रमाणे हक्क देण्यासाठी लेखी कागद आणि सही लागते. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. शिवाय कलम ५७ नुसार लेखावर आपलं नाव असावं असा आग्रह धरण्याचा अधिकार हक्क विकल्यावरही लेखकाकडे उरतो.

मात्र दोन गोष्टी तपासा. खातं उघडताना ‘अटी मान्य’ या चौकोनावर टिचकी मारली होती का? त्या अटींत ‘सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे’ असं काही असेल तर वकिलांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि पाककृतींचा मुद्दा नाजूक आहे. साबुदाणा किती, दाण्याचं कूट किती, हे प्रमाण कुणाच्याच मालकीचं नसतं. तुमचं असतं ते वर्णन, तुमची वाक्यं, सूचनांची तुमची मांडणी. म्हणून तक्रारीत पदार्थांची नावं नुसती देऊ नका. तुमच्या मूळ फाइलमधला परिच्छेद आणि ई-पुस्तकातला परिच्छेद शेजारीशेजारी ठेवा, पाठवल्याच्या ईमेलची तारीख जोडा. आधी वेबसाइटला लेखी कळवा: नाव द्या, आणि पुस्तकापुरतं वेगळं मानधन ठरवा किंवा विक्री थांबवा. ज्या दुकानातून ई-पुस्तक विकलं जातं त्यांच्याकडेही कॉपीराइटची तक्रार करता येते. उत्तर आलं नाही तर वकिलांची नोटीस.

पुढच्या प्रत्येक लेखाबरोबर ईमेलमध्ये हे लिहीत जा आणि त्यावर ‘मान्य’ असं उत्तर मागवा: ‘हा लेख आपल्या वेबसाइटवर प्रथम प्रसिद्ध करण्याची परवानगी देत आहे. एक वर्षानंतर तो इतरत्र प्रसिद्ध करण्यास मी मोकळी राहीन. पुस्तक, ध्वनिमुद्रण, अनुवाद यांचे हक्क माझ्याकडे आहेत. लेखाबरोबर लेखिकेचे नाव द्यावे.’

तीन महिन्यांचं मानधन थकलं आहे. संपादक फोन उचलत नाहीत. – एक वाचक, लातूर

संपादकांना फोन करून पैसे क्वचितच निघतात. पैसे हिशोब विभागातून निघतात आणि तिथे बिल लागतं. बिल पाठवलं होतं का, हा पहिला प्रश्न. बिलावर क्रमांक, तारीख, लेखांची शीर्षकं, प्रसिद्ध झालेल्या पानांचे दुवे, रक्कम, पॅन, खातं क्रमांक, आयएफएससी आणि ‘देय दिनांक’ हवा. आयएफएससीतलं शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदल झाली तरी पैसे अडकतात. बिल संपादक आणि हिशोब विभाग दोघांनाही एकाच ईमेलमध्ये पाठवा. देय तारखेनंतर सातव्या आणि पंधराव्या दिवशी त्याच ईमेलखाली आठवण करा. नवा ईमेल सुरू केला की जुना पुरावा विखुरतो.

याहून भक्कम आधार २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आहे. लेखनासारखी सेवा देणाऱ्या एकट्या माणसालाही उद्यम नोंदणी करता येते. ती आधार आणि पॅनवर होते आणि पूर्ण मोफत आहे. पैसे मागणाऱ्या हुबेहूब वेबसाइट पुष्कळ आहेत, पत्ता gov.in चाच आहे ना ते बघा. नोंदणी झालेल्या सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे ठरलेल्या तारखेला द्यावे लागतात, आणि कराराने मुदत कितीही ठरवली तरी ती ४५ दिवसांपुढे जाऊ शकत नाही. लेखी करारच नसेल तर मुदत १५ दिवसांची. लेख दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर तो स्वीकारला असं मानतात, त्यामुळे ‘लेख अजून तपासायचाय’ ही सबब महिनोन्‌महिने चालत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. तक्रार राज्याच्या सूक्ष्म व लघु उद्योग सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन करता येते.

अडचण एकच: नोंदणी काम देण्याच्या आधीची लागते. थकबाकी झाल्यावर नोंदणी करून जुन्या बिलांवर हा हक्क सांगता येत नाही. तुमच्या तीन महिन्यांसाठी लेखी नोटीस हाच मार्ग. पण नोंदणी याच आठवड्यात करून टाका, आणि थकबाकी मिळेपर्यंत त्यांना नवा लेख देऊ नका.

श्रीलिपीत टाइप केलेले लेख पाठवले तर संपादक म्हणतात, इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. – एक वाचक, कोल्हापूर

जुने फाँट रोमन अक्षरांच्याच सांकेतिक क्रमांकांवर देवनागरीचे आकार बसवतात. समोरच्याकडे तो फाँट नसला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. वेबसाइटला युनिकोडच, म्हणजे सगळीकडे सारखंच दिसणारं टायपिंग लागतं, नाहीतर गूगलला तुमचा लेख मराठीत आहे हेच कळत नाही. श्रीलिपीच्या नव्या आवृत्त्यांत युनिकोडचा पर्याय असतो, हाताला बसलेला कळफलक सोडावा लागत नाही. नव्याने शिकणार असाल तर इनस्क्रिप्ट शिका, विंडोजमध्ये तो आधीपासून असतो: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या.

जुने लेख परिवर्तकातून, म्हणजे युनिकोड करून देणाऱ्या साधनातून काढल्यावर डोळ्यांत तेल घालून तपासा. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, रफार सरकतो, अवतरणचिन्हं बदलतात आणि ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. ‘आचाऱ्याला बोलवा’ आणि ‘आचार्याला बोलवा’ यांत स्वयंपाकी आणि गुरुजी एवढा फरक आहे, आणि शुद्धलेखन तपासणारं सॉफ्टवेअर तो पकडत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

माझा लेख ‘एआयने लिहिलेला’ म्हणून नाकारला. एका वेबसाइटवर टाकून पाहिलं तर ८२ टक्के आलं म्हणे. मी स्वतः लिहिला होता. – एक वाचक, चंद्रपूर

तो आकडा पुरावा नव्हे. अशी साधनं पुढचा शब्द किती अपेक्षित होता यावरून अंदाज बांधतात आणि प्रामुख्याने इंग्रजीवर तयार झालेली असतात. ओपनएआयने स्वतःचंच असं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं. संपादकांना हे शांतपणे लिहा, आणि सोबत तुमचा पुरावा द्या. गूगल डॉक्समध्ये लिहिलं असेल तर फाइल मेनूतल्या ‘व्हर्जन हिस्टरी’त लेख कसा वाढत गेला ते तारीख-वेळेसह दिसतं. मोबाइलच्या नोंदवहीत लिहून एकदम चिकटवलं असेल तर तिथे एकच टप्पा दिसेल. म्हणून पहिला शब्दही डॉक्समध्येच लिहावा. कच्च्या टिपणांचे फोटो ठेवावेत.

याच्या उलट मागणीही आता होते: ‘एआयचा मसुदा आम्ही देतो, तुम्ही फक्त हात फिरवा’, दर निम्म्याहून कमी. असं काम तासावर घ्या, शब्दावर कधीच नको. लिंगाच्या चुका आणि जिथेतिथे ‘द्वारे’ हे लगेच दिसतं, पण वर्षं, रकमा, योजनांच्या अटी आत्मविश्वासाने चुकीच्या लिहिलेल्या असतात. त्या एकेक करून तपासायला कोऱ्या पानावर लिहिण्यापेक्षा जास्त वेळ जातो. शिवाय शोधात वर येण्यासाठी ढिगाने पाडलेला मजकूर गूगलने मार्च २०२४ पासून स्पॅमच्या नियमांत घेतला आहे. अशा वेबसाइटची वाचकसंख्या कोसळली की पहिलं मानधन लेखकांचंच थांबतं. अमेरिकेत फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने शोधाच्या क्रमवारीत केलेल्या ‘पांडा’ बदलानंतर स्वस्त लेखांच्या कारखान्यांचं हेच झालं होतं.

१२,००० च्या बिलातून १,२०० कापले. माझं उत्पन्न करपात्रही नाही. – एक वाचक, जळगाव

हा १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर आहे, पैसे बुडालेले नाहीत. एका कंपनीकडून वर्षाला मिळणारं व्यावसायिक शुल्क ५०,००० रुपयांच्या वर जाणार असेल तर तो कापतात (एप्रिल २०२५ पूर्वी ही मर्यादा ३०,००० होती). पॅन दिला नाही तर २० टक्के जातात. कापलेली रक्कम प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तुमच्या नावावर दिसते का ते पाहा आणि विवरणपत्र भरून परत मिळवा. हे उत्पन्न पगार नसून व्यवसायाचं आहे, त्यामुळे आयटीआर-१ हा विवरणपत्राचा नमुना चालत नाही. इंटरनेट, डोमेन यांचा खर्च वजा करता येतो, पावत्या ठेवा. जीएसटी क्रमांक मागत असतील तर सांगा की सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असताना सहसा नोंदणीची सक्ती नसते.

दुसऱ्यांना लेख देण्यापेक्षा स्वतःची मराठी वेबसाइट काढून गूगलच्या अ‍ॅडसेन्सच्या जाहिराती घेतल्या तर? – एक वाचक, मडगाव

घ्याव्यात, पण पहिल्या वर्षाच्या घरखर्चाचा हिशोब त्यावर बांधू नये. अ‍ॅडसेन्स मराठीला चालतं, वय १८ पूर्ण हवं. १० डॉलर जमले की पत्त्यावर टपालाने पिन येतो. त्याला दोन ते चार आठवडे लागतात आणि चार महिन्यांत तो भरला नाही तर जाहिराती बंद होतात. गोव्यात वाड्याचं नाव आणि घर क्रमांक पोस्टमन ओळखतो तसाच लिहा. पैसे १०० डॉलर झाल्याशिवाय निघत नाहीत. झाले की पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेदरम्यान पाठवले जातात. समजा हजार वेळा पान उघडलं की ४० रुपये मिळतात. मग १०० डॉलरसाठी, ते ८,८०० रुपये धरले तर, पानं २ लाख २० हजार वेळा उघडली जायला हवीत. स्वतःच्या किंवा मित्रांकडून जाहिरातींवर टिचक्या मारून घेतल्या तर खातं बंद होतं आणि जमलेले पैसेही जातात.

लेखनाचं काम देण्याआधी १,५०० रुपये ‘नोंदणी शुल्क’ मागत आहेत. – एक वाचक, बीड

देऊ नका. काम देणारा लेखकाकडून पैसे घेत नाही. याचंच दुसरं रूप म्हणजे टायपिंगचं काम देऊन, मुदतीत झालं नाही म्हणून ‘करारभंगा’ची वकिली नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं. घाबरून पैसे भरू नका. भरले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम बँकेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त. संभाषणाचे स्क्रीनशॉट आणि व्यवहार क्रमांक पुसू नका. आणि पैसे ‘घेण्यासाठी’ यूपीआयचा पिन टाका असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागत नाही.