वाचकांचे प्रश्न: पाण्याचं बिल कुणी किती भरायचं?

प्रश्न: आमची बिल्डिंग कोथरूडला, २८ फ्लॅट, २५ वर्षं जुनी. आम्ही घरात दोघंच, वरच्या मजल्यावर भाड्याने सहा कॉलेजची मुलं राहतात आणि मेंटेनन्समध्ये पाण्याचे पैसे सगळ्यांना सारखेच. उन्हाळ्यात टँकर सुरू झाले की चिडचिड होते. प्रत्येक फ्लॅटला मीटर लावा म्हटलं तर चेअरमन म्हणतात शक्य नाही. खरंच शक्य नाही का?

उत्तर: ताई, शक्य आहे पण तुम्हाला वाटतं तितकं सोपं नाही, आणि चेअरमन अगदीच टोलवाटोलवी करतायत असंही नाही. जुन्या बिल्डिंगमध्ये गच्चीवरच्या टाकीतून किचनला वेगळा पाइप, प्रत्येक बाथरूमला वेगळा, संडासला वेगळा असे तीन-चार डाउनटेक उतरतात, म्हणजे एका घरात पाणी शिरायच्या जागाच तीन-चार, मग मीटरही तितकेच लागणार, म्हणजे तुमच्याकडे शंभरच्या आसपास! शिवाय टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर पाण्याला जोर कमीच असतो, त्यात साधा फिरत्या चाकाचा मीटर बसवला की शॉवर अजून मंद, मग तिथून तक्रारी सुरू. अल्ट्रासॉनिक मीटरला (यात फिरतं चाक नसतं, ध्वनिलहरींनी पाणी मोजतात) हा त्रास कमी, पण तो महाग.

आता कागदावरचं बघा. तुमची सोसायटी आहे की अपार्टमेंट? पुण्यात बोलताना दोन्हीला सोसायटीच म्हणतात पण कायदा वेगळा. सहकारी सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे (म्हणजे सोसायटीच्या कारभाराचे नमुना नियम) पाणीपट्टी सारखी वाटायचीच नाहीये, फ्लॅटमधल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार बघून वाटायची. अपार्टमेंट असेल तर १९७० चा महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, त्यात सामायिक खर्च डिक्लेरेशनमधल्या (अपार्टमेंटचा नोंदवलेला मूळ दस्त) अविभक्त हिश्श्याच्या, म्हणजे सामायिक जागेतल्या प्रत्येक फ्लॅटच्या वाट्याच्या टक्केवारीने, मोठा फ्लॅट तर जास्त पैसे. म्हणजे दोन्हीकडे माणसं कुणी मोजत नाही, त्यामुळे सहा मुलांचा मुद्दा रास्त असला तरी नियमात बसत नाही. मीटरप्रमाणे आकारणी करायची तर सोसायटीला सर्वसाधारण सभेत उपविधी दुरुस्त करून ती दुरुस्ती सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नोंदवावी लागेल.

आणि मीटर लावले तरी भांडण संपत नाही, जागा बदलतं फक्त. समजा महिन्याला पालिकेचं आणि टँकरचं मिळून ६०० युनिट पाणी आलं (१ युनिट म्हणजे १००० लिटर, १० हजार लिटरचा टँकर म्हणजे १० युनिट) आणि सगळ्या घरांच्या मीटरची बेरीज आली ५१०. उरलेले ९० कुणाचे? जिने धुणं, झाडं, टाकीचं ओव्हरफ्लो, गळका पाइप, आणि घराघरातले ठिबकणारे फ्लश, कारण इतक्या बारीक धारेला साधा मीटर बरेचदा फिरतच नाही. हे उरलेलं पाणी कसं वाटायचं ते मीटर घ्यायच्या आधी ठरवा आणि सभेच्या मिनिट्समध्ये लिहून घ्या. माझं मत विचाराल तर उरलेलं सगळ्यांत सारखं आणि घरातलं मीटरप्रमाणे.

त्याआधी एक फुकटचं काम करा. रात्री एक वाजता पंप बंद ठेवून गच्चीवरच्या टाकीतल्या पातळीवर खूण करा, चारला परत बघा. सगळे झोपलेले असताना पातळी चांगली उतरली असेल तर आधी प्लंबर बोलवा, मीटरवाला नंतर.

प्रश्न: पार्किंगमधल्या सॉकेटवर एक मेंबर रोज ई-स्कूटर चार्ज करतो, बिल कॉमन मीटरवर. बोललं तर म्हणतो, लिफ्ट मी वापरत नाही तरी पैसे भरतोच की.

उत्तर: लिफ्टचं बोलून उपयोग नाही, उपविधींप्रमाणे लिफ्टचा खर्च त्या बिल्डिंगमधल्या सगळ्यांना सारखा, वापरा नाहीतर नका वापरू. स्कूटर मात्र त्यांची एकट्याची. बॅटरी पूर्ण चार्ज व्हायला साधारण ३ युनिट वीज लागते, म्हणजे रक्कम फार मोठी नाही, पण उद्या अजून दहा स्कूटर आणि दोन गाड्या आल्या की त्या पार्किंगच्या वायरिंगला लोड झेपणार नाही, खरी काळजी ती आहे. सगळ्यात सोपं म्हणजे त्यांनी स्वतःच्या घरच्या मीटरवरून चांगल्या इलेक्ट्रिशियनकडून वायर खाली आणावी, सोबत एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि अर्थिंग. ते जमत नसेल तर त्या सॉकेटला सब-मीटर लावा आणि दर महिन्याला रीडिंगप्रमाणे त्यांच्या मेंटेनन्स बिलात टाका. तोपर्यंत सॉकेट बंद ठेवायला कमिटीला कुणी अडवलेलं नाही.